नवीन शिक्षकांसाठी: मागं राहिलेल्या मुलापर्यंत पोहोचायचं कसं

शिक्षण सेवक म्हणून नेमणुकीचा आदेश हातात पडला की सगळे कामकाजाचं सांगतात. हजेरीपत्रक कसं भरायचं, पोषण आहाराची नोंद कधी टाकायची, युडायसची, म्हणजे सरकारी पोर्टलवर भरायची शाळेची माहिती कुणाकडून तपासून घ्यायची. वर्गातलं एक मूल आठ दिवस तोंडच उघडत नाही, तेव्हा काय करायचं हे मात्र कुणी सांगत नाही. मलाही सांगितलं नव्हतं. बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत मी रुजू झाले तेव्हा माझ्याकडे तिसरी आणि चौथी एकत्र होती, आणि पहिलं वर्ष मी बरंचसं चाचपडण्यात घालवलं. तुमचं तसं जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

माझी एक गोष्ट पक्की झाली आहे. मूल वाचत नाही याचं कारण बहुतेक वेळा पुस्तकात सापडत नाही. ते डोळ्यात असतं, पोटात असतं, घरात असतं, कधी मनात दडलेलं असतं. आणि ते कारण एकट्या शिक्षकाला दूर करता येत नाही. आपण नीट बघायचं, लिहून ठेवायचं आणि योग्य माणसाच्या हाती वेळेवर द्यायचं. पुढचे टप्पे त्याच क्रमाने आहेत.

हाताशी काय ठेवाल

• २०० पानी साधी वही. ही फक्त तुमची, निरीक्षणांची वही. सरकारी नोंदवह्यांत तिची गल्लत करू नका.
• जनरल रजिस्टर (मुलांच्या प्रवेशाची नोंदवही) आणि मागच्या दोन वर्षांची हजेरीपत्रकं, बघण्यापुरती.
• मागच्या वर्षीची वर्णनात्मक नोंदींची वही आणि संचयी नोंदपत्रकं.
• वाचन तपासायचा एक कागद (तो कसा करायचा ते खाली दिलं आहे).
• गावातल्या आशाताई, अंगणवाडीताई, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, केंद्रप्रमुख, तालुक्याच्या गटसाधन केंद्रातले विशेष शिक्षक आणि जवळचं पोलीस ठाणे यांचे फोन नंबर. वहीच्या पहिल्या पानावर शाईने लिहा. मोबाईल नेमका नको त्या वेळी बंद पडतो.

१. पहिले आठ दिवस फक्त बघा

शिकवायला सुरुवात करा, पण मुलांबद्दल मत बनवू नका. मागच्या शिक्षकांनी 'ही चार पोरं कच्ची आहेत' असं सांगितलं तर ऐकून घ्या आणि बाजूला ठेवा.

जुनं हजेरीपत्रक निवांत बसून वाचा. त्यात मुलाची निम्मी कहाणी असते. दिवाळीनंतर गैरहजेरी सुरू होऊन थेट एप्रिलपर्यंत सलग लागली असेल, तर आईबाप ऊसतोडीला जातात आणि मूल सोबत जातं. आठवड्यातला ठरावीक एकच वार गैरहजेरीचा असेल, तर तो गावच्या बाजाराचा वार आहे का बघा. आई बाजाराला गेली की धाकट्याला सांभाळायला मोठी मुलगी घरी थांबते. अशा मुलीला 'रोज शाळेत ये' असं दहा वेळा सांगून उपयोग होत नाही. अंगणवाडीताईंशी बोलून धाकट्याची सोय लावली की ती आपोआप येते.

जनरल रजिस्टरमध्ये मातृभाषेचा रकाना असतो, तोही बघा. आमच्या भागात तांड्यावरून येणाऱ्या बंजारा मुलांची घरची भाषा गोरमाटी असते. 'आ आईचा' आपण फळ्यावर लिहितो, पण त्या लेकराच्या घरात आई नसतेच, 'याडी' असते. पहिलीतलं असं मूल गप्प बसलं तर ते मंद नाही, ते आपली भाषा ऐकून मनात जुळवत असतं. वर्गातल्या त्याच भाषेच्या मोठ्या मुलीला शेजारी बसवा आणि तुम्ही स्वतः पंधरा-वीस शब्द शिका. मी 'याडी' म्हटलं त्या दिवशी माझ्या वर्गातली एक पोरगी पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली होती.

मधल्या सुट्टीत खोलीत बसू नका. कोण एकटं जेवतं, कोण दोनदा खिचडी घेतं, कोण निम्मी ताटात ठेवून घरी न्यायला बघतं, हे तिथेच दिसतं. खरं तर स्वयंपाक करणाऱ्या मावशींना हे आधीच ठाऊक असतं. त्यांना विचारा. शाळेत मुलांना सगळ्यात जास्त ओळखणारं माणूस बऱ्याचदा त्याच असतात, आणि त्यांना कुणी काही विचारत नाही.

२. वाचन एकेकाला जवळ घेऊन तपासा

हा टप्पा घाईत उरकू नका. बाकीचे टप्पे यावर उभे आहेत.

माझ्या पहिल्या वर्षी चौथीत एक मुलगा होता. वही बघावी तर डोळे निवावेत. लाल शाईचा समास, एका रेषेत बसलेली अक्षरं, खाडाखोड नाही. फळ्यावरचं सगळं उतरवून तो सर्वांत आधी वही दाखवायला आणायचा. मी दिवाळीपर्यंत त्याच्या वहीवर 'छान' लिहीत राहिले. एक दिवस सहज त्याच्याच वहीतल्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, 'एवढं वाचून दाखव बरं.' तो बोटाकडे बघत राहिला. मग हळूच मान वर करून त्याने फळ्याकडे बघितलं, पण फळा पुसलेला होता. चौथीतल्या त्या मुलाला स्वतः लिहिलेला एकही शब्द वाचता येत नव्हता. तो अक्षरं लिहीत नव्हता, चित्रं काढत होता. तीन वर्षं त्याने हे निभावलं होतं, आणि त्याच्या सुंदर अक्षरामुळे कुणाला शंकाही आली नव्हती.

म्हणून सांगते, फळ्यावरून उतरवणं म्हणजे लिहिणं नव्हे आणि सगळ्या वर्गाच्या सुरात सूर मिळवणं म्हणजे वाचणं नव्हे.

तपासायचं असं. एका कागदावर चार गोष्टी मोठ्या अक्षरात लिहा: दहा अक्षरं, दहा साधे दोन-तीन अक्षरी शब्द, चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद आणि आठ-दहा वाक्यांची छोटी गोष्ट. मूल व्हरांड्यात बोलवा, एकाच सतरंजीवर शेजारी बसा. समोर बसू नका, समोर बसलं की परीक्षा वाटते. आधी परिच्छेद द्या. तो जमला तर गोष्ट द्या. नाही जमला तर शब्द, आणि तेही नाही जमले तर अक्षरं. शब्दांतले आणि अक्षरांतले कोणतेही पाच मुलालाच निवडू द्या. पाचपैकी चार आले तर ती पातळी आली असं धरा. 'प्रथम' संस्था २००५ पासून 'असर'च्या पाहणीत साधारण याच पद्धतीने गावोगावी मुलांचं वाचन तपासते. एका मुलाला पाच मिनिटं पुरतात. तीस मुलांचा वर्ग असेल तर आठवडाभरात होतं.

आता चुका कुठे होतात ते सांगते.

मुलाला त्याची पातळी सांगू नका आणि भिंतीवर लावू नका. मी एका शाळेत 'अक्षर गट', 'शब्द गट' अशी नावांसकट यादी दारावर चिकटवलेली पाहिली आहे. पाचवीतला मुलगा त्या दारातून आत यायला तयार नव्हता. गटांना झाडांची, नद्यांची नावं द्या आणि दर महिन्याला गट बदलत राहा, म्हणजे कुणी एका गटाशी कायमचं चिकटत नाही.

गट केले की रोज एक तास त्या पातळीचंच काम घ्या. चौथीतल्या मुलाला अक्षरंच येत नसतील तर त्या तासात चौथीचं पुस्तक उघडू नका. 'अभ्यासक्रम मागं राहील' ही भीती मला ठाऊक आहे. पण जे मूल वाचू शकत नाही त्याच्यासाठी अभ्यासक्रम आधीच मागं राहिलेला असतो. त्या सुंदर अक्षराच्या मुलाबरोबर मी त्याच्याच बोलण्यातले शब्द घेतले. बैल, कोयता, मोळी, गाडी, माय. त्याने तोंडी सांगितलेली दोन वाक्यं मी लिहायची आणि त्याने ती वाचायची. 'माझा बैल पांढरा आहे' हे त्याने आयुष्यात वाचलेलं पहिलं वाक्य. फेब्रुवारीत तो जोडाक्षरांवर अडखळत का होईना, परिच्छेद वाचायला लागला.

आणि हो, मोठ्या वर्गातलं न वाचणारं मूल वाचनाच्या तासाला नेमकं पाणी प्यायला जातं, भांडण काढतं किंवा सगळ्यांना हसवतं. खोडकर म्हणून त्याची नोंद होण्याआधी त्याला एकदा सतरंजीवर घेऊन बसा.

३. आधी डोळे, कान आणि पोट

वाचन अडतंय असं दिसलं की लगेच 'अध्ययन अक्षमता' हा शब्द काढू नका. आधी साध्या गोष्टी तपासा. मूल वही नाकाला लावून लिहितं का? फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीत बघून उतरवतं का? पाठीमागून नाव घेतलं तर वळतं का? तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोलता तेव्हाच त्याचा गोंधळ होतो का? तसं असेल तर ते तुमचे ओठ वाचत असेल.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. २०१३ पासूनची ही योजना आहे आणि जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. पथक येतं त्या दिवशी फार गडबड असते. वजन, उंची, रांगा. तुमच्या शंकेतल्या मुलांची नावं आणि प्रत्येकापुढे एक ओळ आधीच लिहून ठेवा, तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या. 'सगळी बरी आहेत' असं मोघम सांगून पथकाला निरोप देऊ नका. पुढच्या तपासणीसाठी चिठ्ठी मिळाली, तर मूल खरोखर ग्रामीण रुग्णालयात पोहोचलं का, याचा पाठपुरावा आशाताईंकडे करा. चिठ्ठ्या घरच्या पत्र्याच्या पेटीत पडून राहतात. नेणारं कुणी नसतं म्हणून, दुसरं काही नाही.

लोहाच्या गोळ्या आठवड्यातून एकदा असतात, प्राथमिकच्या मुलांना गुलाबी आणि मोठ्यांना निळ्या. जेवणानंतरच द्या. उपाशी पोटी दिल्या की मळमळतं आणि पुढच्या आठवड्यात अर्धा वर्ग गोळी खिशात लपवतो.

४. वहीत दिसलं तेच लिहा

निरीक्षणाच्या वहीत प्रत्येक मुलाला चार पानं द्या. आठवड्यातून एक-दोन ओळी पुरेत. पण त्या ओळीत तुमचं मत नको, दिसलेली गोष्ट हवी.

असं लिहू नका: 'आळशी आहे. अभ्यासात लक्ष नाही. घरचे लक्ष देत नाहीत.'

असं लिहा: 'सोमवारी फळ्यावरचे सहा शब्द बरोबर उतरवले. त्यातला एकही वाचता आला नाही. कमळ हा शब्द चित्र बघून सांगितला. मधल्या सुट्टीत जेवला नाही, विचारल्यावर भूक नाही म्हणाला.'

पहिल्या नोंदीवरून कुणालाच काही करता येत नाही. दुसरी नोंद घेऊन तुम्ही विशेष शिक्षकांकडे, डॉक्टरांकडे, घरी कुठेही गेलात तर बोलणं लगेच मुद्द्यावर येतं. आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायची वेळ आली की हीच वही कामी येते. छापील वाक्यं उतरवायची वेळ येत नाही.

कुणा मुलाने विश्वासाने सांगितलेली घरची गोष्ट या वहीत सविस्तर लिहू नका. वही टेबलावर राहते, मुलं ती चाळतात. तारीख आणि 'बोलणं झालं' एवढंच लिहा.

५. घरी जा, पण तक्रार घेऊन जाऊ नका

गृहभेटीला वेळ बघून जा. आमच्याकडे सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी दिवेलागणीला माणसं घरात सापडतात. हातात हजेरीपत्रक नेऊ नका, जनगणनेला आल्यासारखं वाटतं. ओट्यावर बसा, दिलेला चहा घ्या. पहिलं वाक्य मुलाच्या कौतुकाचं असू द्या आणि ते खरं असू द्या.

त्या सुंदर अक्षराच्या मुलाकडे मी गेले तेव्हा घरात फक्त आजी होती. मला बघताच तिने पदर सावरला आणि मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, 'लेकराला मारू नका बाई. माय उसाच्या फडात हाय त्याची, सय येती त्याला रातच्याला. उठून बसतंय.' मला वाचनाबद्दल बोलायचं होतं. मी ते त्या दिवशी बोललेच नाही. रात्री तो किती वेळ जागतो, आईशी फोनवर बोलणं होतं का, कुणाच्या फोनवरून होतं, हे विचारत बसले. आजीकडे फोन नव्हता, शेजारच्यांचा होता. मग दर शनिवारी शाळा सुटल्यावर माझ्या फोनवरून आईशी पाच मिनिटं बोलणं, एवढं आम्ही ठरवलं. सकाळी वर्गात डुलक्या घेणं महिनाभरात कमी झालं. वाचनाचं काम त्यानंतर मार्गी लागलं, आधी नाही.

पालकांशी बोलताना 'तुमचं मूल मागं आहे' हे वाक्य टाळा. 'याला हे येतं, आता हे शिकवायचंय, त्यासाठी तुमची एवढी मदत लागेल' असं म्हणा. आणि मदत झेपेल अशीच मागा. न शिकलेल्या आजीला 'अभ्यास घ्या' सांगितलं तर ती खजील होते. 'रोज रात्री त्याच्याकडून एक गोष्ट ऐका' हे तिला जमतं.

६. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांची तयारी दसऱ्यालाच करा

बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या जिल्ह्यांत नोकरी असेल तर हा टप्पा नीट वाचा. मुकादमाची, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराची उचल (आगाऊ पैसे) पावसाळ्यातच घेतलेली असते. टोळी कधी निघणार हे घरच्यांना बरंच आधी ठाऊक असतं, शाळेलाच ते शेवटी कळतं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, म्हणजे घरातली दोन्ही कर्ती माणसं एकदमच जातात. मूल मागं ठेवायला कुणी नसलं की ते सोबत जातं, आणि तिथे पाण्याच्या कळशीला किंवा वाढे (उसाचे हिरवे शेंडे) बांधायला लागतं.

दसऱ्याच्या आसपास घरोघर फिरून यादी करा: कोण जाणार, कुठल्या कारखान्याला, मूल थांबू शकेल का, कुणाकडे. ही यादी मुख्याध्यापकांमार्फत आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह वेळेत गेली तरच हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव पुढे सरकतो. हे वसतिगृह साधारण सहा महिन्यांचं असतं आणि गावातच चालतं. बरीच मुलं आजीकडे झोपतात आणि दोन वेळा जेवायला वसतिगृहात येतात. प्रस्ताव उशिरा गेला की मुलं निघून गेल्यावर मंजुरी येते. एका वर्षी आमच्याकडे तसंच झालं आणि अकरा मुलं गेली.

जे मूल जाणारच आहे त्याला शिक्षण हमी पत्रक द्या. त्यावर त्याची इयत्ता आणि शिकण्याची पातळी लिहा. कारखान्याजवळच्या शाळेने ते बघून त्याला वर्गात घ्यायचं असतं. दाखला नाही म्हणून कुणी परत पाठवलं, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दाखल्याला उशीर हे प्रवेश नाकारायचं कारण होऊ शकत नाही, हे पालकांना सांगून ठेवा. पत्रक पिशवीत घालून, आईच्या हातात द्या. मुलाच्या दप्तरात ते टिकत नाही. सोबत तुमचा फोन नंबर लिहा.

पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की मुलं परत येतात. त्या दिवशी 'कुठे होतास इतके महिने?' असं सगळ्यांदेखत विचारू नका. त्याला ठाऊक असतं कुठे होतो ते. त्याची बसायची जागा आणि वही तशीच ठेवलेली असेल तर ते मूल दुसऱ्या दिवशीही येतं. वयानुरूप वर्गात बसण्याचा आणि मागं राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क शाळाबाह्य मुलांना याच कायद्याच्या कलम ४ ने दिला आहे. उरलेल्या दिवसांत टप्पा २ पुन्हा पहिल्यापासून करा.

७. मूल काही सांगू लागलं तर

हे वाचताना घाई करू नका, प्रसंग आला की वाचायला वेळ मिळत नाही.

मूल एकदम गप्प झालं, घरी जायला टाळाटाळ करू लागलं, एखाद्या माणसाचं नाव निघताच आखडलं, आधी जमत असलेलं जमेनासं झालं, तर जवळ बसा. 'काय झालं' पेक्षा 'मी आहे इथे' हे आधी कळू द्या. बोलू लागलं तर मध्ये तोडू नका. 'नक्की असंच झालं का?' असं विचारू नका. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन तर मुळीच देऊ नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही. त्याऐवजी म्हणा, 'तू सांगितलंस ते बरं केलंस. तुझी यात काही चूक नाही. तुला सुरक्षित ठेवायला मला एक-दोन मोठ्या माणसांची मदत घ्यावी लागेल.'

मुलाने सांगितलेलं लैंगिक अत्याचाराबद्दल असेल तर पुढचं काम कायद्याने ठरवून दिलं आहे. पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे, ज्याला कळलं त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर एक वर्षापर्यंत. खरं-खोटं ठरवणं आपलं काम नाही. 'आधी गावात बैठक घेऊ', 'मुलीच्या लग्नाचा प्रश्न आहे', 'शाळेचं नाव जाईल' ही तिन्ही वाक्यं तुमच्या कानावर येतील, आणि चांगल्या माणसांच्या तोंडून येतील. ऐकू नका. मुख्याध्यापकांना सांगा, लेखी सांगा, आणि तिथे हालचाल झाली नाही तर स्वतः कळवा. चाइल्ड हेल्पलाइन १०९८ दिवसरात्र चालू असते.

मुलाला आणि घरच्यांना एक गोष्ट आधीच सांगा, त्याने भीती बरीच कमी होते. जबाबासाठी मुलाला ठाण्यात जावं लागत नाही. तो मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घेतात, शक्यतो महिला अधिकारी घेतात आणि गणवेश न घालता घेतात. मुलाचं नाव शिक्षकांच्या खोलीत, ग्रुपवर, कुठेही जाऊ देऊ नका. आणि प्रत्येक मोठ्या माणसाने त्याला पुन्हा सगळं विचारू नये, यासाठी अडून बसा.

प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने ती आली. रुजू झाल्यावर विचारा: समितीत कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, तक्रारपेटी कोण उघडतं. पेटी मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर टांगली असेल तर तिच्यात कुणी चिठ्ठी टाकत नाही. पिण्याच्या पाण्याच्या वाटेवर, येता-जाता हात पोहोचेल अशी लावा.

दुःख, भीती, परीक्षेचा ताण, घरातला मृत्यू, वडिलांचं दारूचं व्यसन यासाठी टेलि-मानस १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलतात. आठवीच्या पुढच्या मुलांना तो फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवा. स्वतःला इजा करण्याबद्दल कुणी मूल बोललं तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी घरी आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचा.

छडीबद्दल एवढंच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. 'ढ' म्हणणं, बेंचवर उभं करणं, जातीवरून किंवा घरावरून टोमणा मारणं हे सगळं या बंदीतच येतं. पालक स्वतः येऊन 'मारा सर, आमची परवानगी आहे' म्हणतील. ती परवानगी द्यायचा हक्क त्यांनाही नाही.

८. विशेष गरजा असलेलं मूल

डोळे-कान तपासून झाले, घरचं समजलं, चार महिने पातळीप्रमाणे शिकवलं आणि तरीही मूल 'क' आणि 'फ' यांत रोज गोंधळतं, बोलायला चलाख पण लिहायला बसलं की घामाघूम होतं, तर आता विशेष शिक्षकांना बोलवा. ते तालुक्याच्या गटसाधन केंद्रात बसतात आणि शाळांना भेटी देतात. त्यांच्यापुढे तुमची वही ठेवा.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत आणि अध्ययन अक्षमता त्यातला एक आहे. प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयातून मिळतं, त्यासाठी ऑनलाइन नोंदणी करून युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढायचं. बऱ्याच सवलतींना ४० टक्क्यांची अट असते. लागणारे कागद: मुलाचं आणि पालकांचं आधार, रहिवासाचा पुरावा, फोटो, आधीचे तपासणीचे कागद आणि शाळेचं पत्र. ते पत्र तुम्ही लिहायचं, आणि त्यात टप्पा ४ मधल्या नोंदी घालायच्या.

दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. पण नववी संपताना धावाधाव सुरू केली तर तारखा मिळत नाहीत. म्हणून पाचवी-सहावीतच फाइल सुरू करून द्या. पालक कार्डाला घाबरतात, 'शिक्का बसेल' म्हणतात. त्यांना वेळ द्या. शक्य असेल तर जिच्या मुलाला याचा उपयोग झाला अशा दुसऱ्या आईची भेट घालून द्या. आपल्या दहा वाक्यांपेक्षा तिचं एक वाक्य त्यांना पटतं.

तोपर्यंत वर्गात थांबायचं कारण नाही. अशा मुलाला पहिल्या रांगेत बसवा, तोंडी उत्तर घ्या, लिहायला कमी द्या, शुद्धलेखनाच्या चुकांना लाल शाईचे गोळे मारू नका.

९. कुणाकडे काय न्यायचं

पहिल्या वर्षी मी सगळं मुख्याध्यापकांकडेच न्यायचे आणि बरंच काही तिथेच अडकायचं. आता अशी वाटणी करते:

• शिकण्याची अडचण: आधी केंद्रातल्या अनुभवी शिक्षकांशी बोला, शिक्षण परिषदेत (केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत) मांडा, मग विशेष शिक्षक.
• आजारपण, चष्मा, कुपोषण: आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्र.
• गळती, स्थलांतर, बालविवाहाची कुणकुण: तालुक्यातले बालरक्षक (शाळाबाह्य मुलांना शाळेत आणायचं काम बघणारे) शिक्षक, ग्रामसेवक, अंगणवाडीताई. बालविवाह उद्यावर आला असेल तर थेट १०९८.
• पाणी, स्वच्छतागृह, मुलींसाठी पॅड: शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. आयांना आधी भेटून मगच विषय बैठकीत आणा.
• सुरक्षिततेची कुठलीही गोष्ट: वाट बघू नका, टप्पा ७.

१०. बदली झाली की

बदलीचा आदेश येतो तेव्हा पदभार देताना आपण खडूच्या खोक्यापर्यंत सगळं मोजून देतो. मुलं मात्र कुणी कुणाला समजावून देत नाही. नव्या शिक्षकांबरोबर दोन तास बसा आणि वही उघडून एकेका मुलाबद्दल बोला. आधी काय येतं ते, मग काय अडतं, शेवटी घरी कुणाशी बोलायचं. ज्या गोष्टी मुलाने फक्त तुम्हाला सांगितल्या त्या त्याला विचारल्याशिवाय पुढे देऊ नका.

मी ती शाळा सोडली तेव्हा त्या मुलाच्या पानावर शेवटची ओळ अशी होती: 'शनिवारी दुपारी आईला फोन. शेजारच्या काकूंचा नंबर मागच्या पानावर. आई फडात असते, चारनंतर उचलते.'